एकाच टेबलावर भरणे आणि कापणे

धातूच्या वस्तूला आकार देण्याचे जे अनेक मार्ग आहेत, त्यांपैकी दोन एकमेकांच्या नेमक्या उलट दिशेने जातात. पहिल्यात मोठा ठोकळा घेऊन त्यातला नको असलेला धातू लेथ, मिलिंग किंवा ड्रिलिंग यंत्रावर कापून काढला जातो. दुसऱ्यात एका पातळशा प्लेटवर वितळलेल्या धातूचे थर एकावर एक चढवत वस्तू वाढवली जाते. अभियांत्रिकीत पहिल्याला सबट्रॅक्टिव्ह आणि दुसऱ्याला ॲडिटिव्ह उत्पादन म्हणतात, आणि या दोन्ही क्रिया एकाच यंत्राच्या एकाच टेबलावर, वस्तू जागची न हलवता, आलटूनपालटून करणाऱ्या यंत्रांना हायब्रिड मशीन टूल हे नाव रूढ झाले आहे. या यंत्रांची चर्चा बहुधा जर्मनी आणि जपानमधल्या मोठ्या कंपन्यांच्या संदर्भात होते. परंतु या विषयातले एक महत्त्वाचे काम ठाणे खाडीच्या पश्चिमेला पवई येथे झाले, आणि ते काम ज्यांच्या सर्वाधिक उपयोगी पडावे असे कारखाने खाडीच्या पूर्वेला, नवी मुंबईत, दाटीने उभे आहेत.

दिघा-ऐरोलीपासून रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने पसरलेला ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक पट्टा, ज्याला सगळे टीटीसी एवढ्याच नावाने ओळखतात, तो नवी मुंबई या शहराहून वयाने मोठा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि शहर वसवणाऱ्या सिडकोची १७ मार्च १९७० रोजी. त्या मधल्या काळातच या रस्त्याकडेला नोसिलसारखे मोठे रासायनिक कारखाने उभे राहू लागले होते. रासायनिक कारखाना म्हणजे पंप, व्हॉल्व्ह, मिक्सर, गिअरबॉक्स आणि त्यांची अखंड झीज. त्यामुळे मोठ्या कारखान्यांच्या सावलीत झिजलेले भाग दुरुस्त करणारी आणि नवे घडवणारी लहान वर्कशॉप वाढणे ओघाने आले. पुढे प्लास्टिकच्या वस्तूंचे उत्पादन वाढले तसे साचे घडवणारे टूलरूमही वाढले. गेल्या तीन दशकांत पट्ट्याच्या मोठ्या भागावर माहिती तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती आल्या आहेत, तरी त्यांच्या मागच्या गल्ल्यांत व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणारी उभ्या स्पिंडलची मिलिंग यंत्रे, दिवसरात्र चालू असतात.

अशा वर्कशॉपमध्ये भरणे आणि कापणे ही जोडी मुळीच नवी नाही. पंपाचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजला की वेल्डर त्यावर धातू भरतो, ज्याला बिल्डअप करणे म्हणतात, आणि मग टर्नर तो शाफ्ट लेथवर चढवून मूळ मापावर आणतो. साच्याची कड तुटली की तीही वेल्डिंगने भरून मिलिंगवर साफ केली जाते. दोन्ही कौशल्ये एकाच छपराखाली असतात, बहुतेकदा दहा पावलांच्या अंतरावर असतात. अडचण त्या दहा पावलांत असते. वस्तू एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर बांधली की तिचा झिरो, म्हणजे सगळी मापे ज्या बिंदूपासून मोजायची तो संदर्भबिंदू, नव्याने शोधावा लागतो. डायल लावून, हलक्या हाताने ठोकत, पुन्हा मोजत कुशल कारागीर तो शोधतो, पण दर वेळी थोडी चूक राहतेच आणि दर वेळी वेळही जातो. लेथवरच्या गोल शाफ्टच्या बाबतीत हे निभते, कारण गोलाला आपला मध्य असतो. वेड्यावाकड्या आकाराच्या साच्यात, जिथे एका बाजूची कड दुसऱ्या बाजूच्या पोकळीशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळायला हवी, तिथे ही चूक सगळ्या कामावर पाणी फिरवू शकते. हायब्रिड यंत्राच्या बाजूने जे काही बोलले जाते, त्यातला सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे: भरताना आणि कापताना झिरो तोच राहतो.

नुसत्या ॲडिटिव्ह पद्धतीचे आकर्षण समजून घ्यायला इस्रोचे उदाहरण पुरेसे आहे. पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याच्या पीएस-४ इंजिनाची ॲडिटिव्ह पद्धतीसाठी नव्याने रचना करण्यात आली आणि ९ मे २०२४ रोजी ते इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहण्यात आले. जुन्या पद्धतीत त्यासाठी ५६५ किलो घडीव धातू आणि पत्रे लागत, नव्या पद्धतीत १३.७ किलो भुकटी पुरली. १४ भागांचा एकच भाग झाला आणि १९ वेल्ड जोड नाहीसे झाले. ५६५ मधून १३.७ वजा केले की उरते त्यातला बहुतेक धातू पूर्वी चिप्सच्या रूपाने भंगारात जात असे. मात्र थरांनी वाढवलेल्या वस्तूचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि मापेही ढोबळ असतात. जिथे बेअरिंग बसायचे, गॅसकेट दाबायचे किंवा आटा बसवायचा, तिथे कटरला पर्याय नसतो. म्हणजे कापण्याचे काम ॲडिटिव्ह पद्धतीतही उरतेच. प्रश्न एवढाच राहतो की ते नंतर दुसऱ्या यंत्रावर करायचे की मधूनमधून त्याच यंत्रावर.

या प्रश्नाचे दुसरे उत्तर देणारी पहिली नीट मांडलेली पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेतील कार्नेगी मेलन आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांत फ्रिट्झ प्रिन्झ, ली वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. तिचे नाव शेप डिपॉझिशन मॅन्युफॅक्चरिंग. थर घालायचा, तो कटरने नेमका करायचा, मग पुढचा थर घालायचा, हा तिचा क्रम. वेल्डिंगच्या धातूने वस्तूच घडवण्याची कल्पना तर त्याहून पुष्कळ जुनी आहे: राल्फ बेकर या अमेरिकी संशोधकाने १९२० मध्ये विद्युतज्योतीने वितळवलेल्या धातूचे थर रचून शोभेच्या वस्तू करण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला होता आणि १९२५ मध्ये त्याला ते मिळाले. जपानच्या मात्सुउरा कंपनीने भुकटीचा पातळ थर पसरून तो लेझरने वितळवणाऱ्या यंत्रातच मिलिंगचे स्पिंडल बसवले. साधारण दहा थर झाले, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर उंची वाढली, की कटर त्या भागाच्या कडा साफ करतो. जर्मन-जपानी डीएमजी मोरीचे लेझरटेक ६५ हे यंत्र २०१३ च्या अखेरीस फ्रँकफर्टच्या युरोमोल्ड प्रदर्शनात आले, त्यानंतर माझाक आणि ओकुमा या जपानी कंपन्यांनीही आपली यंत्रे आणली. या यंत्रांत भुकटी नळीतून फवारली जाते आणि लेझर ती जागच्या जागी वितळवतो; या प्रकाराला डायरेक्टेड एनर्जी डिपॉझिशन, थोडक्यात डीईडी, म्हणतात. ही यंत्रे उत्तम आहेत आणि त्यांची किंमत काही कोटी रुपयांत जाते. रबाळे-महाप्याच्या लहान वर्कशॉपच्या मालकाला ती न्हावाशेवा बंदरात उतरून पुण्या-बंगळुरूकडे जाताना दिसतील, त्याच्या गाळ्यात येण्याची शक्यता मात्र फारच कमी.

पवईच्या कामाचे महत्त्व नेमके इथे आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई, म्हणजे आयआयटी बॉम्बे, येथील यंत्र अभियांत्रिकी विभागातले प्राध्यापक के. पी. करुणाकरन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात हायब्रिड लेयर्ड मॅन्युफॅक्चरिंग, थोडक्यात एचएलएम, ही पद्धत विकसित केली. त्यांनी नवे यंत्र बांधले नाही. आधीच असलेल्या सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या, मिलिंग यंत्राच्या स्पिंडलच्या बाजूला वेल्डिंगची टॉर्च बसवली आणि तिचे चालू-बंद होणे यंत्राच्याच प्रोग्रॅमला जोडले. वेल्डिंग साध्या मिग-मॅग प्रकारचे, म्हणजे रिळावरून सतत पुढे सरकणारी तार वायूच्या आवरणाखाली विद्युतज्योतीने वितळवणारे. त्यात विद्युतप्रवाह स्पंदनांच्या रूपाने सोडून ती स्पंदने तारेच्या वेगाशी आपोआप जुळवणारा सिनर्जिक वीजस्रोत वापरला. टॉर्च बसवल्यावरही यंत्राची मूळची कापण्याची क्षमता तसूभरही कमी होत नाही, हे या योजनेचे वैशिष्ट्य होते, आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच कमी खर्चाचा उल्लेख आहे. भारतातल्या उत्पादन संशोधनात खर्चाला असे शीर्षकात स्थान मिळणे दुर्मीळ आहे आणि त्याचे मोल मोठे आहे.

पद्धतीचा क्रम असा. संगणकातल्या त्रिमितीय आराखड्याचे आडवे काप केले जातात. प्रत्येक कापाचे क्षेत्रफळ टॉर्च समांतर रेघा ओढून भरते. मग स्पिंडलमधला फेस मिलिंग कटर त्या थराचा माथा सपाट करतो. आणि त्यावर पुढचा थर पडतो. सगळे थर पडले की जवळपास योग्य आकाराचा, पण थोडा जाड राहिलेला ठोकळा तयार होतो आणि त्याच यंत्रावर, त्याच झिरोवरून, त्याचे शेवटचे मशीनिंग होते. वेल्डिंगकडून अचूकतेची अपेक्षाच ठेवलेली नाही, ती पूर्णपणे कटरवर सोपवलेली आहे, आणि म्हणूनच वेल्डिंग जोरात, भराभर करता येते. कामाची ही वाटणी विचारपूर्वक केलेली आहे, कारण ॲडिटिव्ह क्षेत्रातली कितीतरी खर्चिक धडपड थर घालण्याची क्रियाच अचूक करण्यासाठी चालते.

मधल्या फेस मिलिंगचे कारण वेल्डच्या आकारात आहे. तारेतून पडलेल्या धातूची रेघ, जिला बीड म्हणतात, वरून सपाट नसते. तिचा आडवा छेद फुगीर, जवळपास अन्वस्ताच्या, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचा असतो. दोन बीड शेजारी घातल्या की मध्ये दरी राहते, म्हणून त्या थोड्या एकमेकींवर चढवाव्या लागतात. किती चढवायच्या, याचे सरळ गणित आहे: अन्वस्ताच्या कमानीचे क्षेत्रफळ तिला वेढणाऱ्या आयताच्या दोन-तृतीयांश असते, हे आर्किमिडीजपासून ठाऊक आहे; तेव्हा दोन बीडच्या मध्यांतले अंतर बीडच्या रुंदीच्या दोन-तृतीयांश ठेवले तर एकमेकींवर चढलेला धातू दरी बरोबर भरून काढण्याइतका असतो. करुणाकरन यांचे विद्यार्थी एस. सूर्यकुमार, जे पुढे आयआयटी हैदराबादमध्ये प्राध्यापक झाले, यांनी बीडच्या आकाराचे हे गणित आणि त्यावरून वेगाची व अंतराची निवड सविस्तर मांडली. प्रत्यक्षात वितळलेला धातू गणिताप्रमाणे काटेकोर पसरत नाही आणि माथ्यावर ऑक्साइडचा पापुद्राही येतो. फेस मिलिंगने उंचसखलपणा आणि पापुद्रा दोन्ही जातात, थराची उंची नेमकी ठरते आणि टॉर्चला पुढच्या वेळी स्वच्छ, सपाट जमीन मिळते. त्याशिवाय ताज्या कापलेल्या पृष्ठभागावर आतली छिद्रे आणि मोठ्या भेगा डोळ्यांना दिसतात. दोष वेळीच, तो गाडला जाण्याआधी दिसणे हा लाभ वरवर दुय्यम वाटला तरी दुरुस्तीच्या धंद्यात तो फार मोठा आहे.

आता अडचणींकडे. त्यांतली पहिली आणि सर्वांत हट्टी अडचण उष्णतेची आहे. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा तापमानाच्या दर अंशाला सुमारे १२ मायक्रॉनने वाढतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे ३०० मिलिमीटर लांबीचा ठोकळा वेल्डिंगनंतर खोलीच्या तापमानापेक्षा केवळ ५० अंशांनी गरम राहिला, तरी तो ०.१८ मिलिमीटरने लांब असतो, आणि त्या अवस्थेत त्याचे शेवटचे माप घेतले तर थंड झाल्यावर तो तेवढाच कमी भरतो. मधल्या फेस मिलिंगला याने फारसा फरक पडत नाही. शेवटच्या मशीनिंगआधी मात्र थांबावेच लागते. यंत्राचे टेबलही तापते, म्हणून त्याच्यापासून उष्णता अडवणारी किंवा वाहून नेणारी व्यवस्था हवी. नेहमीचे कूलंट, म्हणजे कापताना सोडले जाणारे तेलपाण्याचे मिश्रण, इथे वापरता येत नाही, कारण ओलाव्यातला हायड्रोजन पुढच्या वेल्डमध्ये छिद्रे पाडतो. तेव्हा कोरडे किंवा हवेच्या झोतात कापावे लागते आणि कटर लवकर झिजतो. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि धूर यंत्राच्या स्लाइडवर बसू नयेत म्हणून झाकणे लागतात, आणि वेल्डिंगच्या प्रवाहाची परतीची वाट स्पिंडलच्या बेअरिंगमधून जाऊ नये म्हणून अर्थिंग काळजीपूर्वक जोडावे लागते. जुन्या यंत्रावर टॉर्च बसवू इच्छिणाऱ्या वर्कशॉपने हा खर्च आधी धरावा.

दुसरी अडचण अधिक खोलवरची आहे. वर पडलेला गरम धातू थंड होताना आकसतो आणि खालच्या थंड प्लेटला आपल्याकडे ओढतो, त्यामुळे प्लेटच्या कडा वर उचलल्या जातात. प्लेट घट्ट बांधलेली असेल तर वाकणे टळते, पण ओढ वस्तूच्या आत साठून राहते. बांधणी सोडली की किंवा एखाद्या बाजूचा धातू कापला की ती ओढ मोकळी होऊन वस्तूचा आकार बदलतो. यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे वस्तू भट्टीत ठेवून, पोलाद असेल तर सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत सावकाश तापवून, सावकाशच निववणे. पण त्यासाठी ती यंत्रावरून उतरवावी लागते, आणि झिरो न सोडण्याचे जे वचन होते ते इथे मोडते. हायब्रिड यंत्रांच्या जाहिरातीत हा भाग क्वचितच सांगितला जातो. जाड साच्यासाठी भट्टीची पायरी टाळता येत नाही असे गृहीत धरून, भट्टीनंतर पुन्हा बांधता येईल असे संदर्भपृष्ठ वस्तूतच आधी कापून ठेवणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

एक आक्षेप अर्थकारणाचा आहे आणि तो टाळण्याजोगा नाही. एकाच यंत्रात दोन क्रिया असल्या म्हणजे टॉर्च चालू असताना स्पिंडल रिकामे बसते आणि स्पिंडल चालू असताना टॉर्च. कोट्यवधींच्या यंत्राचा अर्धा भाग सतत रिकामा ठेवण्यापेक्षा दोन स्वतंत्र यंत्रे घ्यावीत आणि वस्तू दोन्हींवर तंतोतंत त्याच जागी बसेल अशी पकड वापरावी, असे म्हणणारे तज्ज्ञ आहेत, आणि मोठ्या कारखान्यासाठी त्यांचे म्हणणे बरोबरही आहे. ज्या वर्कशॉपच्या व्हीएमसीचे कर्ज केव्हाच फिटले आहे आणि जिचे काही तास रोज रिकामेच जातात, तिथे हिशेब उलटा होतो: टॉर्च, वीजस्रोत आणि तारेचे रीळ यांचा खर्च कोट्यवधींपासून फार दूर आहे, वेल्डिंगची तार कोणत्याही औद्योगिक वसाहतीच्या दुकानात मिळते, आणि धातूच्या बारीक भुकटीसारखा श्वासातून फुप्फुसात जाण्याचा किंवा पेट घेण्याचा धोका तारेला नसतो.

अर्थात विद्युतज्योतीच्या टॉर्चला मर्यादा आहेत. तिची बीड काही मिलिमीटर रुंद असते, म्हणून टर्बाइनच्या पात्याच्या झिजलेल्या पातळ टोकासारखे काम तिने होत नाही. तिथे लेझर आणि भुकटीच हवी. इंग्लंडमधल्या रिक्लेम या प्रकल्पात अशाच दुरुस्तीसाठी लेझरने भरणे, मोजणे आणि कापणे एका यंत्रावर आणले गेले, आणि त्यातून हायब्रिड मॅन्युफॅक्चरिंग टेक्नॉलॉजीज या कंपनीचे टूल चेंजरमधून हत्यारासारखे बदलता येणारे लेझरचे डोके आकाराला आले. भारतात लेझरने भरण्याचे काम इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने पुष्कळ पुढे नेले आहे.

टीटीसीच्या टूलरूमना हायब्रिड पद्धतीचा सर्वांत मोठा उपयोग साच्यांत व्हावा. प्लास्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंगमध्ये एका फेरीच्या वेळातला बहुधा निम्म्याहून अधिक वेळ वितळलेले प्लास्टिक साच्यात थंड होण्याची वाट पाहण्यात जातो. साचा थंड ठेवणारे पाणी ड्रिलने पाडलेल्या सरळ भोकांतून फिरते, आणि सरळ भोक वळणदार पोकळीच्या जवळून सगळीकडे जाऊ शकत नाही. जिथे ते लांब राहते तिथे प्लास्टिक उशिरा थंड होते आणि वस्तू वाकते. साचा थरांनी वाढवला तर पाण्याची वाट पोकळीच्या पृष्ठभागाला समांतर वळवता येते, ज्याला कॉन्फॉर्मल कूलिंग म्हणतात, आणि वाट उघडी असतानाच तिच्या भिंती कटरने गुळगुळीत करता येतात. नंतर ही संधी उरत नाही, कारण बंद झालेल्या वळणदार वाटेत कोणतेच हत्यार शिरत नाही. अशा ठिकाणी दोन स्वतंत्र यंत्रांचा पर्याय निकामी ठरतो, आणि हायब्रिड यंत्राच्या अस्तित्वाचे खरे समर्थन इथे मिळते. वाटेवर छत घालणे मात्र सोपे नाही, कारण वितळलेला थेंब अधांतरी टिकत नाही. त्यासाठी वाटेचा छेद वर निमुळता ठेवणे किंवा टेबल कलते करणारे पाच अक्षांचे यंत्र वापरणे, असे उपाय करावे लागतात. दुसरी शक्यता धातू बदलण्याची आहे. दोन वेगळ्या तारा एकाच वेळी, वेगवेगळ्या वेगाने सोडून साच्याचा गाभा स्वस्त सौम्य पोलादाचा आणि पृष्ठभाग कठीण पोलादाचा, मध्ये हळूहळू बदलत जाणारा, असा घडवता येतो. एचएलएमच्या पुढच्या संशोधनात या दिशेने काम झाले आहे. महागड्या साचापोलादाचा सबंध ठोकळा विकत घेऊन त्यातला मोठा भाग चिप्समध्ये घालवणाऱ्या टूलरूमने याचा गांभीर्याने विचार करावा.

बंदराच्या बाजूनेही एक मार्ग उघडतो. २०१७ मध्ये रॉटरडॅम बंदरातल्या रॅमलॅब या प्रयोगशाळेने निकेल-ॲल्युमिनियम-ब्राँझच्या तारेपासून सुमारे १.३ मीटर व्यासाचा जहाजाचा प्रोपेलर २९८ थरांत वेल्ड केला, आणि नंतर तो सीएनसी यंत्रावर मापात आणला. बंदरात थांबलेल्या जहाजाला परदेशातून सुटा भाग येण्याची वाट पाहावी लागते तेव्हा दर दिवसाचा खर्च मोठा असतो. २६ मे १९८९ पासून चालू असलेल्या न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या इतक्या जवळ यंत्रकामाचे एवढे कौशल्य एकवटलेले असताना तशा कामाचा इथे विचार होणे स्वाभाविक आहे. रॉटरडॅमच्या प्रोपेलरची धातूइतकीच महत्त्वाची बाजू अशी, की त्याच्या तपासणीत ब्यूरो व्हेरितास ही जहाजांना प्रमाणपत्र देणारी संस्था पहिल्यापासून सहभागी होती. भारतात हेच काम करणाऱ्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचे, जिची स्थापना १९७५ मध्ये झाली, मुख्यालय पवईतच, आयआयटीपासून फार दूर नसलेल्या रस्त्यावर आहे.

आजवर वेल्डिंगचे प्रमाणपत्र प्रामुख्याने हाताला मिळत आले: वेल्डर चाचणीची प्लेट जोडतो, तिचे तुकडे वाकवून किंवा क्ष-किरणांखाली पाहून त्याला पात्र ठरवले जाते. थरांनी घडवलेल्या वस्तूत हात नसतो. तिथे तारेचा लॉट, वायूचे मिश्रण, प्रत्येक थराचा विद्युतप्रवाह, व्होल्टेज आणि तारेचा वेग, दोन थरांमधले तापमान आणि टॉर्चच्या वाटेचा प्रोग्रॅम यांची एकत्र नोंद तपासावी लागते, आणि त्याच प्रोग्रॅमने घडवलेल्या जोडीच्या तुकड्याची ताणचाचणी आडव्या व उभ्या दोन्ही दिशांना घ्यावी लागते, कारण थरांच्या वस्तूची ताकद दोन्ही दिशांना सारखी असेलच असे नाही. ही नोंद ठेवायला सीएनसी यंत्र सोयीचे आहे, कारण त्याचा कंट्रोलर हे आकडे सेकंदासेकंदाला साठवू शकतो. ती वाचणारा माणूस मात्र अजून घडायचा आहे: शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि मशीनिस्टचा दोन वर्षांचा असून दोन्ही वेगवेगळ्या शेडमध्ये, वेगवेगळ्या निदेशकांकडे शिकवले जातात. बीड कशी पडते हे ओळखणारा आणि तिच्यावर कटर किती खोल घालायचा हे ठरवणारा कारागीर आज टीटीसीत एकच व्यक्ती नसतो, आणि टॉर्च बसवलेल्या व्हीएमसीसमोर उभे राहायला नेमका तोच लागणार आहे.